तुरा फिका दिसला, की आधी खुराडं तपासा

कोंबडीचा तुरा फिका पडला की बहुतेक जण थेट लोहाचं टॉनिक आणतात. टॉनिक वाईट नाही. पण रात्री कुणीतरी रक्त पीत असेल, किंवा खाद्यातलंच काही रक्त तयार होऊ देत नसेल, तर बाटल्या संपतात आणि तुरा तसाच राहतो.

फिकेपणा खरा आहे का, हे आधी पाहा. अंडी बंद झालेल्या कोंबडीचा तुराही आकसून फिका होतो. खालची पापणी हलकेच ओढा, चोच उघडून तोंडाचा आतला भाग बघा. तिथेही पांढुरकं दिसलं तर रक्त खरंच कमी आहे. पशुवैद्यकाकडून पंखाच्या शिरेतलं १ मिली रक्त तपासून घेता येतं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, साधारण २२ ते ३५ टक्के असावा. माणसांच्या लॅबमधल्या मशीनवर मात्र विसंबू नका. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे मशीन त्यांना पांढऱ्या पेशींत मोजतं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.

आता रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीला टेकून खुराडं असेल तर नक्कीच. गोचीड दिवसा फटीत दडतात, रात्री बाहेर येऊन अर्धा-पाऊण तास रक्त पितात आणि परत जातात. म्हणून दिवसा कोंबडी स्वच्छ दिसते. गोचिडांची बारीक पिल्लं मात्र कोंबडीच्या पंखाखाली काही दिवस चिकटून असतात, तिथे पिसं बाजूला करून बघा. गोचीड कित्येक महिने उपाशी जगतात. खुराडं महिनाभर रिकामं ठेवून भागत नाही. फटी सिमेंटने बुजवा, वर चुना मारा, बसायचे दांडे भिंतीपासून सोडवा. लोखंडी सांगाडा असेल तर कोंबड्या बाहेर काढून फ्लेम गन फिरवा.

पावसाळ्यात दुसरी वाट रक्ती हगवणीची. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं सर्वांत जास्त सापडतात. तुसाची गादी मुठीत दाबा: गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ती भरभर उलटवा, पाण्याच्या भांड्याभोवतालची ओली काढून टाका. डॉक्टरांनी अँप्रोलियम दिलं असेल, तर ते चालू असेपर्यंत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. त्यातलं थायमिन औषधाचा असर कमी करतं.

खाद्यात आपल्याकडचा मोठा दोष सरकीच्या ढेपेचा. घरात असते, स्वस्त पडते, म्हणून कोंबड्यांनाही टाकली जाते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं; म्हशीच्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं, कोंबडीच्या पोटात नाही. ते लोहाला धरून ठेवतं आणि रक्ताला मिळू देत नाही. अंडी काही दिवस ठेवून फोडा; बलक हिरवट-शेवाळी निघाला तर ढेपेवरच संशय घ्या. हिराकस (फेरस सल्फेट) मिसळून गॉसिपॉल बांधता येतं, पण त्याचं माप गॉसिपॉल किती यावर ठरतं, अंदाजाने टाकायची वस्तू नव्हे. अंड्यावरच्या कोंबड्यांना सरकी देऊच नका, सोयाबीनची ढेप द्या.

मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळल्याशिवाय साठवू नका. बुरशीतलं अफलाटॉक्सिन यकृत बिघडवतं, रक्त गोठायला वेळ लागतो, पायांवर-पंखांवर काळेनिळे डाग दिसतात. पिल्लांच्या खाद्यात किलोमागे साधारण ८० मिलिग्रॅम लोह आणि ८ मिलिग्रॅम तांबं लागतं. तांब्याशिवाय लोह कामाला येत नाही. नुसत्या मका-बाजरीवर हे भागत नाही, घरी मिसळत असाल तर मिनरल मिक्श्चर हवंच.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ गाठतो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते. रक्तातला कर्बवायू कमी होतो, अंड्याचं कवच पातळ पडतं. खाणंही घटतं, म्हणजे लोह-प्रथिनंही कमी पडतात. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा कडबा पसरून दुपारी पाणी शिंपडा. खाद्य सकाळी नऊच्या आत आणि सूर्य कलल्यावर. दुपारच्या गार पाण्यात लिटरला १ ते २ ग्रॅम खायचा सोडा चालतो, रोजच्या रोज मात्र नको.

कोंबडीची तांबडी पेशी महिनाभर जगते, त्यामुळे सुधारणा चार दिवसांत दिसत नाही. दर आठवड्याला त्याच पाच-सहा कोंबड्यांची पापणी बघा. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर ताजी विष्ठा जंतांसाठी तपासायला द्या.