जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करताना यंत्रनिवडीतल्या या चुका टाळा

लग्नाची किंवा मुंजीची जुनी कॅसेट संगणकावर घ्यायची ठरले की बहुतेक जण आधी कॅप्चर उपकरणांच्या, म्हणजे चित्र संगणकात उतरवणाऱ्या यंत्रांच्या, किमती पाहू लागतात आणि कॅसेट चालवणारा व्हीसीआर मात्र कोणाच्या तरी माळ्यावरून मिळेल तो आणतात. चूक इथेच होते. टेपवरचे चित्र व्हीसीआरचे हेड वाचते, आणि त्याने जे वाचलेच नाही ते पुढचे महागडे उपकरणही भरून काढू शकत नाही. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणे थांबवल्यापासून आपल्या वाट्याला वापरलेलीच यंत्रे येतात. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी टाकाऊ कॅसेट दहा मिनिटे चालवून, बाहेर काढून, टेपची कड दुमडली आहे का हे झडप उचलून पाहावे.

दुसरी चूक कॅसेटचा प्रकार न ओळखण्याची. व्हीएचएस-सीची छोटी कॅसेट अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरमध्ये चालते, म्हणून हँडीकॅमच्या ८ मिलिमीटर कॅसेटसाठीही तसा अडॅप्टर असेल, असे समजून लोक बाजार पालथा घालतात. तो मिळत नाही, कारण साध्या व्हीसीआरमध्ये चालणाऱ्या व्हीएचएस कॅसेटची टेप अर्धा इंच रुंद असते आणि हँडीकॅमच्या या कॅसेटची फक्त ८ मिलिमीटर. ८ मिलिमीटर कॅसेटसाठी त्याच प्रकारचा चालू कॅमेरा हवा. मिनीडीव्ही कॅसेटवर तर मुळातच डिजिटल नोंद असते. ती पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने कॅप्चर करणे म्हणजे दर्जा हकनाक घालवणे होय. कॅमेरा आणि संगणक यांच्यातल्या फायरवायर या डिजिटल जोडणीने तीच नोंद जशीच्या तशी उतरते आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

टीव्हीचे चित्र नोंदवण्याच्या पद्धती देशागणिक वेगळ्या असतात: भारतातल्या कॅसेट सहसा पाल पद्धतीच्या, तर अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथे चित्रित करून पाठवलेल्या एनटीएससी पद्धतीच्या असतात. चित्र कृष्णधवल दिसले किंवा वरखाली सरकत राहिले, तर टेप खराब झाली असे ठरवण्याआधी व्हीसीआर आणि कॅप्चर उपकरण या दोन्हींना ती पद्धत चालते का, हे तपासावे.

चित्राची वरची कड वाकडी होत असेल किंवा आवाज हळूहळू चित्राच्या मागे-पुढे जात असेल, तर पुष्कळदा दोष टेपवरून येणाऱ्या डळमळीत संकेताचा असतो. त्यावर टाइम बेस करेक्टर (संकेताची वेळ नीट जुळवणारा भाग) असलेला व्हीसीआर किंवा संकेत स्थिर करणारे वेगळे यंत्र उपयोगी पडते. संगणक बदलून सहसा काही साधत नाही. स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टरचाही मोह टाळावा, कारण तो पालचे ७२० बाय ५७६ चे चित्र ताणून मोठे करतो, त्यात नवा तपशील आणत नाही, आणि बरेचदा बारीक चेहरे पडद्यावर रुंद करून ठेवतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र खरेदीच्या आधीची आहे. कोकणात किंवा मुंबईत कित्येक पावसाळे कपाटात काढलेल्या कॅसेटच्या काचेतून आत पाहिले, तर गुंडाळीच्या कडेवर पिठासारखा पांढरा थर दिसू शकतो. ती बुरशी असते. अशी कॅसेट यंत्रात घातली की हेड माखते आणि त्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. म्हणून ती बाजूला ठेवून आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. उरलेल्या कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी पट्टी शाबूत असेल, तर ती यंत्रात घालण्यापूर्वी मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मुंज पुसली जाणार नाही.