जुन्या दानधर्माच्या वह्या वाचताना या चुका टाळा

गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहायला बसलं की १९०० च्या आगेमागेची एखादी वही हाती लागते, आणि पहिला घोटाळा आकड्यातच होतो. ‘धर्मादाय २॥’ दिसलं की दोनशे अकरा रुपये टाइप करून मोकळे! त्या उभ्या रेघा म्हणजे अर्धा. रक्कम अडीच रुपये. एक रेघ असेल तर पाव, तीन असतील तर पाऊण.

सालाचंही तेच. ‘छप्पनचा दुष्काळ’ १८५६ साली शोधू नका. तो विक्रम संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९००. वहीत शके असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुनातली किंवा पौषातली १ जानेवारीनंतरची नोंद असेल तर ७९.

खरी गफलत मात्र ‘धर्मादाय’ या शब्दात आहे. पेढीवाल्याने पांजरपोळाला, म्हणजे भाकड-जखमी जनावरांच्या आश्रयस्थानाला, दिलेली रक्कम वाचून त्याला दानशूर ठरवण्याआधी जमेची बाजू उलटून पाहा. व्यापारात गिऱ्हाइकाकडून मालामागे धर्मादाय म्हणून काही पै घेण्याची रीत होती. पैसा दहाजणांचा, नाव पेढीचं. घरोघरून मूठ-मूठ धान्य जमवण्याच्या मुष्टिफंडातही रोज रांधताना मूठभर धान्य मडक्यात बाजूला टाकायची घरातली बाई; वहीत तिचं नाव सापडलं तर नशीब समजा.

दुष्काळात ‘खडीवर गेले’ हे दान नव्हे. सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडून मिळवलेली ती मजुरी होती, तीही नेमलेलं काम भरलं तर पुरी. तिला खैरात म्हणू नका.

आणि माधुकरी व वार एकच समजू नका. माधुकरीत शिकायला आलेला मुलगा झोळी घेऊन घरोघर शिजवलेलं अन्न मागे. वारात सात घरं ठरलेली, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. आपल्याकडे या आठवणी फार गोडव्याने सांगितल्या जातात, आजोबा वार लावून शिकले वगैरे. पण ती पानं बहुतेक ब्राह्मण घरात ब्राह्मण मुलासाठीच मांडलेली असत. बाकीच्या पोरांनी शहरात शिकायला येऊन जेवायचं कुठे? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी करायला हात दिला, तो याच अडचणीपायी. ‘गावात कोणी उपाशी झोपत नसे’ हे वाक्य लिहिण्याआधी महारवाड्यातल्या कुणाच्या आजीला विचारून या.