मुलांशी बोलताना: संशोधन रोजच्या कामात कसं उतरवायचं

अत्याचार झालेल्या मुलांची मुलाखत कशी घ्यावी, यावर मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातून 'एनआयसीएचडी' (अमेरिकेतल्या बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या नावाची आद्याक्षरं) ही मुलाखतपद्धत घडली. "काय झालं ते सगळं सांग" अशा मोकळ्या प्रश्नाला मुलं जास्त आणि बिनचूक सांगतात, हो-नाहीच्या प्रश्नात चुका वाढतात. हे प्रशिक्षणात सगळ्यांना पटतं. पण नुसत्या प्रशिक्षणाने सवय बदलत नाही. नियमित तपासणी थांबली की जुने प्रश्न परत येतात, हेही याच संशोधनात दिसलं.

म्हणून दर महिन्याला एक तास राखून ठेवा. एका सहकाऱ्याने मुलाची भूमिका करायची, दुसऱ्याने विचारायचं, आणि संभाषण ध्वनिमुद्रित करायचं. आठवणीतून टिपण लिहिलं तर आपलेच प्रश्न गळतात. सरावासाठी खऱ्या मुलाला मात्र कधीही पुन्हा बोलतं करू नका. मुलाने स्वतःहून सांगितलं, तर शांतपणे ऐकून घ्या आणि पोलिसांना कळवा. पोक्सो (बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार ते बंधनकारक आहे. खोदून विचारणं आपलं काम नाही.

ध्वनिमुद्रणातले पहिले २० प्रश्न शब्दशः उतरवा. प्रत्येकापुढे खूण करा: मोकळा, नेमका (कोण, कुठे, कधी), हो-नाही, सूचक (उत्तर सुचवणारा). दोघांनी वेगवेगळ्या खुणा करायच्या आणि मग ताडून पाहायच्या. जिथे खुणा जुळत नाहीत, तिथेच खरी चर्चा होते.

मराठीत सूचक प्रश्न फार सहज निसटतो. "काकांनी हात लावला ना?" यातला 'ना' उत्तर आधीच देऊन टाकतो. "आधी का नाही सांगितलंस?" हे विचारणं मुलाला दोष दिल्यासारखं वाटतं. मुलाने "ते खोलीत आले" म्हटलं असेल, तर तेच शब्द घ्या: "ते खोलीत आले म्हणालीस, मग काय झालं?" हो-नाहीचा प्रश्न टाळताच आला नाही, तर उत्तरानंतर लगेच "त्याबद्दल सांग" म्हणा.

मुलाखतीच्या सुरुवातीला "माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण" एवढं सांगून भागत नाही, सराव करून घ्या: "माझ्या शेजारणीचं नाव काय?" मूल अंदाजाने नाव सांगू लागलं, तर पुन्हा समजवा.

या खुणा कामाच्या मूल्यमापनाला जोडू नका. जोडल्या की प्रत्येकजण आपलं सर्वांत चांगलं ध्वनिमुद्रणच पुढे करतो. कोणतं ध्वनिमुद्रण तपासायचं, ते चिठ्ठी टाकून निवडा.