शनिवारच्या वर्गाआधी लॅपटॉपचं एवढं उरकून या

मागच्या तुकडीचा पहिला तास अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळी दहाला तेरा मुलं लॅपटॉप उघडून बसली आणि दुपारी दीडपर्यंत एकाच्याही पडद्यावर काही हललं नव्हतं. कुणाचं डाउनलोड अर्ध्यात अडकलेलं, कुणाची सी ड्राइव्ह लालेलाल, एकाचा चार्जर घरी. गेम, मोबाइल ॲप आणि कॉम्प्युटर सिक्युरिटी, तिन्हींची तोंडओळख आपल्याला आठ शनिवारांत करायची असते. त्यातला एक असा निळ्या पट्टीकडे बघण्यात गेला. या वेळी ते नको. आठवडा हाताशी आहे, तर पुढचं घरूनच करून या.

आधी जागा. सी ड्राइव्हवर निदान ५० जीबी मोकळी करा. ताईच्या लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा, पण पुसायच्या आधी ताईला विचारा. रॅम ८ जीबी असेल तर निभतं, १६ असेल तर चैन. ४ जीबीवाल्यांनी हिरमुसू नका. गेमचा भाग आणि सिक्युरिटीचे पहिले धडे त्यावर होतात, ॲपच्या वेळी शेजारच्याच्या लॅपटॉपवर बसा. नव्या लॅपटॉपसाठी घरच्यांच्या मागे मात्र आत्ताच लागू नका.

मग एक गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह उघडा, त्यात युजर्स, आणि आत तुमच्या खात्याच्या नावाचा फोल्डर कसा लिहिलाय ते बघा. एका मुलीच्या वडिलांनी लॅपटॉप घेतला तेव्हा हौसेनं खात्याचं नाव देवनागरीत टाकलं होतं. दिसायला फार छान. पण ज्यात आपण ॲप बनवतो तो अँड्रॉइड स्टुडिओ आपली सगळी सामग्री त्याच फोल्डरात ठेवायला जातो, आणि वाटेत रोमनबाहेरचं अक्षर लागलं की विंडोजवर त्याची गाडी रुतते. तिनं सेटिंगमध्ये जाऊन नाव बदललं, तरी चूक तीच. कारण बदलतं ते फक्त दाखवायचं नाव, फोल्डरचं जुनंच राहतं. शेवटी रोमन अक्षरांतलं, मध्ये जागा न सोडलेलं नवं खातं काढलं तेव्हा सुटलो. तुमचं तसं असेल तर आजच नवं खातं काढा. मराठीचा अभिमान आपण गेममध्ये दाखवू, तिथे तो चालतो. आणि प्रोजेक्टचा फोल्डर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे फाइली आपोआप इंटरनेटवर चढवणाऱ्या फोल्डरात, ठेवू नका. एकीकडे आपण फाइल लिहितोय आणि दुसरीकडे ती वर चढतेय, यात भलतीच अडवणूक होते.

अँड्रॉइड स्टुडिओ हे एकटंच एक जीबीच्या वर आहे. दिवसाचा दीड जीबी पॅक असेल तर त्यात ते कसंबसं बसेल आणि पुढचं अडेल, म्हणून ज्यांच्याकडे ब्रॉडबँड आहे अशा काकांकडे एक संध्याकाळ काढा. नुसतं इन्स्टॉल करून लॅपटॉप मिटू नका. रिकामा प्रोजेक्ट उघडा आणि एकदा तरी रन दाबा. पहिल्या वेळी ग्रेडल नावाचा, ॲप जुळवून देणारा गडी अजून शेकडो एमबी खाली उतरवतो. ते घरी झालं तर वर्गात तेच काम मिनिटभरात होतं. ॲप लिहायची भाषा कोटलिन घेणार आहोत. गूगलनं २०१७मध्ये तिला अँड्रॉइडसाठी मान्यता दिली आणि २०१९पासून पहिला मान तिलाच आहे, त्यामुळे 'आधी जावा शिकू का' हा प्रश्न आता सोडा.

इम्युलेटर म्हणजे पडद्यावरचा खोटा फोन. तो ८ जीबीच्या मशीनला धाप लावतो, म्हणून खराच फोन आणा. काच तडकलेला जुना असला तरी हरकत नाही, अँड्रॉइड ७ किंवा पुढचं हवं. सेटिंग, अबाउट फोन, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारा. सातव्या टिचकीला फोन तुम्हाला डेव्हलपर म्हणून जाहीर करतो. त्यानंतर दिसणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डिबगिंग, म्हणजे लॅपटॉपवरून फोनवर ॲप चालवून बघायची सोय, चालू करा. काही फोनांत यूएसबीवरून ॲप टाकू देण्याचं वेगळं बटण असतं, तेही बघून ठेवा. घरी जाताना हे सगळं बंद करायचं. उघडं ठेवणं बरं नाही, आणि काही बँकांची ॲप्स ते चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात. वडिलांचा फोन आणणार असाल तर हे त्यांना आधी सांगा, नाहीतर सोमवारी दुकानात पैसे देताना त्यांची पंचाईत.

आणि केबल! चार्जिंगपुरती केबल आणि डेटाची केबल दिसायला जुळ्या बहिणी. फोन लॅपटॉपला लावा, फोनवर फाइल ट्रान्सफर निवडा. फोटोंचा फोल्डर दिसला तर केबल खरी, नुसतंच चार्जिंग झालं तर दुसरी शोधा. मागच्या वेळी मी पाऊण तास ड्रायव्हर बदलत बसले होते आणि दोष या दोरीचा होता.

आयफोनचं ॲप करायचं तर मॅक लागतो आणि ॲप स्टोअरवर ठेवायला वर्षाला ९९ डॉलर, म्हणून ते आपण करत नाही. प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात, पण तेही आत्ता भरू नका. वैयक्तिक नवं खातं असेल तर ॲप खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस ते वापरून बघावं लागतं. तोवर आत्या-मामांची यादी करून ठेवा.

गेमसाठी गोडो. अर्जेंटिनात जन्मलेलं हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, २०१४मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. फुकट आहे आणि विकलेल्या गेमवर वाटाही मागत नाही. झिप उतरवायची आणि उघडायची, इन्स्टॉल असं काही नाहीच. फक्त झिपच्या आतूनच ते चालवू नका, आधी बाहेर काढा. साधी आवृत्ती घ्या, डॉटनेटवाली नको. लॅपटॉप जुना असेल तर प्रोजेक्ट काढताना कम्पॅटिबिलिटी हा पर्याय निवडा.

खरी तयारी वहीतली आहे. दरवेळी कुणीतरी बॅटल रॉयालचं स्वप्न घेऊन येतं. त्याऐवजी एक पान घ्या आणि वरून पडणाऱ्या कैऱ्या आणि खाली टोपली काढा. कोण हलतं, खेळणारा काय दाबतो, खेळ कधी संपतो, एवढं लिहा. जोडीला दोन हिशेब करून या. शाळेच्या आलेखात वाय वर गेलं की वाढतो, गोडोच्या २डी पडद्यावर खाली आलं की वाढतो. तेव्हा पडणाऱ्या कैरीचा वाय वाढणार की घटणार? आणि कैरी सेकंदाला ३०० पिक्सेल पडते, पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, तर एका खेपेला किती सरकली? पाच. हेच १२० वेळा रंगणाऱ्या पडद्यावर अडीच. तिथे पाचच ठेवलं तर कैरी दुप्पट वेगानं आदळेल. डेल्टा म्हणतात तो एवढाच हिशेब, तो कळला की पहिला शनिवार सोपा.

'स्कोअर'ऐवजी 'गुण' लिहायचं असेल तर मुक्त किंवा बलू हा फाँट उतरवून आणा. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचे, दोन्ही खुले. गोडो ३मध्ये 'कि' लिहिलं की वेलांटी क-च्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी पडायची. २०२३मध्ये आलेल्या ४पासून ती नीट जुळतात. म्हणून जुनं कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका.

सिक्युरिटीसाठी दोन कामं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. तिथे व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवायची सोय, एनेबल्ड आहे का बघा. नसेल तर बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, चालू करावं लागतं, ते जमत नसेल तर माझ्यासमोर करू. मग तो खोटा कॉम्प्युटर चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात काली या सिक्युरिटीच्या हत्यारांसकट येणाऱ्या लिनक्सची तयार प्रत. तिचं युजरनेमही काली आणि पासवर्डही काली, साऱ्या जगाला माहीत असलेला. पहिल्यांदा आत गेल्यावर तो बदला, की एक धडा तिथेच झाला. बदलल्यावर स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मोडलं तरी मागे येता येतं.

काली हे दुसरं काम, पण खरं शिक्षण सुरू होतं ओव्हरदवायर या साइटवरच्या बँडिट या खेळापासून. त्याला काली लागत नाही. दूरच्या कॉम्प्युटरशी जोडणारं एसएसएच लागतं, ते विंडोज १०मध्ये असतंच. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, कीबोर्ड बिघडला समजून घाबरू नका. पहिला पासवर्ड मिळाला की पुढच्या पायरीवर एक फाइल आहे, जिचं नाव म्हणजे फक्त एक आडवी रेघ. कॅट, म्हणजे फाइल वाचून दाखवणारी आज्ञा, आणि रेघ असं लिहिलंत तर काहीच होत नाही. कॅटला वाटतं तुम्ही कीबोर्डवरून काही लिहिणार आहात, आणि तो मुकाट्यानं वाट बघतो. फाइल 'याच फोल्डरमधली' आहे असं त्याला कसं सांगायचं, ते शोधून या. उत्तर दोन खुणांचं आहे. व्हिडिओ बघून आलात तर मला कळतं.

दर तुकडीत एक जण हळूच विचारतो, 'मॅडम, मित्राचं अकाउंट हॅक करता येईल?' नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३मध्ये येतं, आणि लबाडीच्या हेतूनं केलं तर कलम ६६खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्यांचं वायफायही त्यात आलं. वर्गात आपण आपल्याच मशीनवर हात चालवतो. अठराच्या आतल्यांनी हे वाचून आई किंवा वडिलांची सही आणायची. कोऱ्या कागदावर चालेल, फक्त तुम्ही केलेली नको.

शुक्रवारी रात्रीपर्यंत काही अडलं तर मला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, एररचा मजकूर कॉपी करून पाठवा. चार्जर बॅगेत रात्रीच टाका. एक्स्टेंशन बोर्ड आमच्याकडे दोनच आहेत आणि त्यातल्या एकाचा तिसरा पॉइंट लागत नाही.