चॅटच्या मराठीतून अर्जाच्या मराठीकडे

फोंड्यात मी दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. मुलांचं चॅट बघून ओरडू नका, तिथूनच सुरुवात करा. मित्राला पाठवलेला एखादा मेसेज मुलाला वहीत उतरवायला सांगा: ‘उद्या नाय येत रे, ताप आलाय, सरांक सांग मरे’. मराठी-कोंकणी दोन्ही आहेत त्यात, आणि निरोप नीट पोचतो. आता तोच निरोप मावशीला, मग मुख्याध्यापकांना लिहायला लावा. ‘रे’, ‘मरे’ गळतात, ‘आपला आज्ञाधारक’ येतं, तारीख आणि कारण यांना स्वतंत्र वाक्यं मिळतात. हा बदल मुलांनीच करायचा. आपण लाल पेनाने खोडून दिलं की ती नुसतं उतरवून घेतात.

मग फोनमध्ये देवनागरी कीबोर्ड चालू करून द्या. रोमन लिपीची सवय जुनी आहे: एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं 160 बसायची, देवनागरी 70च. व्हॉट्सअ‍ॅपवर ती अडचण नाही. बोलून टाइप केलं तरी चालेल, पण पाठवण्याआधी शुद्धलेखन तपासायला लावा. ‘पाणी’चं ‘पानी’ झालेलं मुलं पटकन पकडतात. ‘कि’ आणि ‘की’ला वेळ लागतो, तिथे घाई करू नका.