चहा-कॉफी कमी करायचीय? आधी कॅफीन मोजा

सकाळी पोह्यांबरोबर एक, ऑफिसात दोन, संध्याकाळी कुणी आलं म्हणून एक आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) झाल्यावर वरून एक कट, म्हणजे अर्धा कप चहा. इंदुरात ‘चार-पाच कप’ म्हणजे साधारण हे असं. यातला कट आणि घरचा मोठा मग एकाच मापाने मोजले की हिशेब तिथेच चुकतो.

तीन दिवस वही ठेवा. वेळ, माप आणि काय प्यालात, एवढंच लिहा. घरचा कप पाण्याने भरून मापून घ्या. मोठा मग बऱ्याचदा २०० मिलीच्या वर निघतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा तिथे ३०० मिलिग्रॅम दिली आहे. चहाचा आकडा एवढा खालीवर होतो तो मुख्यतः पत्तीमुळे. बारीक दाण्याची पत्ती उकळीत भराभर उतरते, त्यामुळे वेळ कमी करण्यापेक्षा पत्ती कमी केलेली बरी. ग्रीन टीतही कॅफीन असतं, हे वहीत लिहायला लोक हमखास विसरतात.

शेवटच्या कपाची वेळ ठरवा. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. प्यायलेलं कॅफीन शरीरात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना जवळपास दुप्पट. सहा वाजता ६० मिलिग्रॅम घेतलं, तर अकराला त्यातलं ३० अजून अंगात असतं. ‘मला चहा पिऊनही झोप लागते’ हे खरं असेल, पण गाढ झोप कमी होते आणि सकाळी पुन्हा चहाच लागतो. अकराला झोपणाऱ्याने चारनंतर थांबावं. सराफ्यात गेलात तर चहाऐवजी गरम दूध घ्या.

एकदम सोडू नका. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पहिल्या दोन दिवसांत ते सगळ्यात जास्त असतं आणि कधी आठवडाभरही टिकतं. चिडचिड, मरगळ वेगळी. बहुतेकांचा बेत इथेच फसतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी साधारण पाव हिस्सा कमी करा. आधी रात्रीचा कप जाऊ द्या, मग संध्याकाळचा. सकाळच्याला शेवटी हात लावा. चौघांच्या चहाला चार चमचे पत्ती पडत असेल तर तीन टाका आणि आलं, गवती चहा वाढवा. या दोन्हींत कॅफीन नसतं. डोकं दुखलं म्हणून गोळी घेणार असाल तर पाकीट वाचा, काही वेदनाशामकांत कॅफीनच असतं.

जेवणापासून लांब ठेवा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा नको. पोहे आणि चहा वेगळे करा, असं इंदुरात सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. पण हिमोग्लोबिन कमी असेल किंवा लोहाची गोळी चालू असेल त्यांनी तरी ऐकावं. पोह्यांवर लिंबू मात्र जरूर पिळा, त्याने लोह शोषायला मदतच होते.

काहींसाठी नियम वेगळे. गरोदर बाईने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा निदान अर्ध्या तासाने. परीक्षेच्या दिवसांत मुलं एनर्जी ड्रिंक आणतात. त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या डब्यात ७५ पर्यंत. मुलांसाठी नाही, असं डब्यावरच छापलेलं असतं. छातीत धडधड होत असेल किंवा रक्तदाब चढा असेल, तर वहीची ती तीन पानं डॉक्टरांना दाखवा.