हरणाऱ्या संघाचा कोच: ठेवायचा की नारळ द्यायचा, हे ठरवायची रीत

क्लबचा फुटबॉल संघ सलग चार मॅच हरला की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. रविवारी सकाळी समितीचे चार जण मिसळीवर जमतात, तर्रीबरोबर आवाज चढतो आणि दुसरा पाव येईपर्यंत कोचचा निकाल लागलेला असतो. मिसळीवर गप्पा माराव्यात. हा निर्णय घ्यायला निदान दोन आठवडे आणि थोडी कागदपत्रं लागतात.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्लंडात ज्याला मॅनेजर म्हणतात तो आपल्याकडे कोच. आपला मॅनेजर म्हणजे जर्सी, ओळखपत्रं आणि पाण्याचा जार सांभाळणारा बिचारा, त्याला कोणी काढत नाही. पुढचं सगळं कोचबद्दल आहे.

स्कोअर बाजूला ठेवा, संधी मोजा

फुटबॉलमध्ये गोल इतके कमी होतात की चार-पाच मॅचचा स्कोअर सरळ फसवतो. श्रावणात ओल्या बॉलवरून गोलीचा, म्हणजे गोलकीपरचा, हात सुटला की ९० मिनिटांची मेहनत गेली. म्हणून गोल मोजण्याऐवजी गोलच्या संधी मोजायच्या. मोठे क्लब यासाठी कॅमेरे आणि सॉफ्टवेअर वापरतात. तुम्हाला ए-फोरचा कागद, दोन रंगांची पेनं आणि ओरडण्याची सवय नसलेला एक माणूस पुरतो. दुखापतीमुळे बाहेर बसलेला खेळाडू या कामाला उत्तम.

कागदावर दोन्ही बाजूंचे गोल काढा. गोलसमोरचा छोटा बॉक्स साधारण साडेपाच मीटरचा, मोठा साडेसोळा मीटरचा. प्रत्येक शॉट जिथून मारला तिथे फुली करा आणि शेजारी मिनिट लिहा. अडवलेला आणि बाहेर गेलेला शॉटही धरायचा. घरी आल्यावर ढोबळ भाव लावा: छोट्या बॉक्समधला शॉट ०.३५ गोल, मोठ्या बॉक्समधला ०.१२, बाहेरून मारलेला ०.०३, पेनल्टी ०.७५. हे भाव तंतोतंत नाहीत, पण दोन्ही संघांना पट्टी एकच असल्याने तुलनेला चालतात.

समजा मॅच ०-२ अशी हरलात. कागदावर तुमचे छोट्या बॉक्समधून २ शॉट, मोठ्यातून ५, बाहेरून ४ आहेत. ०.७०, ०.६० आणि ०.१२ मिळून १.४२. समोरच्याचे मोठ्या बॉक्समधून ४, बाहेरून ७, म्हणजे ०.४८ आणि ०.२१ मिळून ०.६९. त्यांनी दोन्ही गोल लांबून मारले. ही मॅच कोचने हरवलेली नाही. इथे गोलीच्या सरावाकडे बघा, आणि दोन हात लांबून चेंडू बाहेर मारणाऱ्या स्ट्रायकरकडेही.

एका मॅचवरून काही ठरत नाही. किमान ६, जमल्यास ८ मॅचची बेरीज करा. तुमची बेरीज वर किंवा बरोबरीत असूनही पॉइंट नसतील तर कोच बदलून हाती काही लागणार नाही. मॅचमागे अर्ध्या गोलाने किंवा त्याहून जास्त खाली असाल तर दुखणं खरं आहे.

यात एक फसगत हमखास होते. पुढे असलेला संघ मागे सरकून बसतो आणि मागे पडलेला आंधळे शॉट मारत सुटतो, त्यामुळे हरणाऱ्याची बेरीज फुगते. दुसरं पेन त्यासाठीच आहे. एखादा संघ दोन गोलांनी मागे पडल्यानंतरचे सगळे शॉट वेगळ्या रंगाने लिहा आणि बेरीज दोनदा करा, त्यांच्यासकट आणि त्यांच्याविना. दुसरी बेरीज जास्त खरी.

मिनिटंही वाचा. बहुतेक गोल ७० व्या मिनिटानंतर खात असाल तर फिटनेस किंवा बदली खेळाडू उतरवण्याची वेळ चुकते आहे, आणि दोन्ही गोष्टी कोचच्याच हातात आहेत. कॉर्नर आणि फ्री किकवर खात असाल तर कोणी कोणाला धरायचं हे ठरलेलं नाही. हे दोन आठवड्यांत सुटण्यासारखं आहे. तेवढ्यासाठी माणूस काढणं म्हणजे नळ गळतो म्हणून घर विकणं.

कोणाविरुद्ध हरलात, कोणाविना हरलात

२०२१-२२ च्या हंगामात इंग्लंडातला आर्सेनल क्लब लीगच्या पहिल्या तीन मॅच हरला. एकही गोल केला नाही, ९ खाल्ले. कोच मिकेल आर्टेटाला काढा म्हणून ओरड झाली. पण त्या तिघांत युरोपचा विजेता चेल्सी होता आणि इंग्लंडचा विजेता मँचेस्टर सिटी होता, शिवाय आर्सेनलचे नेहमीचे बरेच खेळाडू बाहेर होते. क्लब थांबला. त्या हंगामात पाचवा आला, पुढच्यात दुसरा.

तुमच्या संघाला हाच हिशेब लावा. ज्यांच्याकडून हरलात ते आज टेबलवर कुठे आहेत? सेमिस्टरच्या परीक्षेमुळे कॉलेजची पोरं किती मॅचना नव्हती? नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारा सेंटर बॅक (मधला बचावपटू) रात्रपाळी करून सकाळच्या मॅचला उतरला होता का? पहिल्या अकरांतले चार किंवा जास्त जण नव्हते अशा मॅचवर खूण करा आणि निकाल लावताना त्यांना अर्धंच वजन द्या.

मँचेस्टर युनायटेडच्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं उदाहरण मात्र समितीत कोणी देऊ नये. १९८६ मध्ये आला, १९८९ ला अकरावा, १९९० ला तेरावा, तरी ठेवला आणि पुढे १३ लीग जिंकला, हे सगळं खरं. पण तिथल्या बोर्डाला ज्युनियर संघ आणि टॅलेंट शोधण्याची यंत्रणा नव्याने उभी राहताना दिसत होती. तुमच्या कोचने अंडर-१५ ची बॅच शेवटची कधी पाहिली, ते आधी विचारा.

मंगळवारी मैदानावर जा

खरी परीक्षा सरावात होते. न सांगता जा, लांब उभे राहा, घड्याळ लावा. दीड तासाच्या सरावात एका खेळाडूवर नजर ठेवा आणि तो रांगेत किती मिनिटं नुसता उभा आहे ते मोजा. २५ मिनिटांच्या वर गेलं तर सरावाची आखणी ढिली आहे. रविवारी कॉर्नरवर दोन गोल खाल्ले असतील तर मंगळवारी किंवा गुरुवारी कॉर्नरचा सराव झाला का? नसेल झाला तर मोठी खूण करा.

मग हजेरीचं रजिस्टर. २२ जणांच्या संघात १५-१६ येत असतील तर कोचची पकड आहे. परीक्षा नाहीत, सण नाही, पाऊस नाही आणि तरी महिन्याभरात १७ वरून ९ वर आले, तर पोरांनी कोच मनातून काढलेला आहे. तुमचा निर्णय फक्त कागदावर यायचा राहिलाय.

पाच जणांशी बोला, पण कोचबद्दल विचारू नका

नुसत्या कॅप्टनला विचारलं तर कॅप्टनचंच मत कळतं. गोली, एक नियमित खेळणारा, एक बेंचवरचा, सगळ्यात लहान आणि सगळ्यात जुना अशा पाच जणांना वेगवेगळं गाठा. प्रश्न एकच: "बॉल त्यांच्याकडे असताना तू कुठे उभं राहायचं, कोणाला धरायचं?" पाचही उत्तरं एकमेकांशी जुळली तर कोचचं म्हणणं पोरांपर्यंत पोहोचतंय, कमी पडतंय ते कौशल्य. एक म्हणाला वर दाबायचं, दुसरा म्हणाला मागे यायचं, तिसऱ्याने खांदे उडवले, तर तुमचं उत्तर मिळालं. "सर कसे आहेत?" असं विचारलंत की बेंचवरचे चुगल्या करतील आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बोंब.

कोचसमोर कागद ठेवा

वरची कागदं घेऊन कोचला बोलवा. फार तर दोघांनी बसा. सात जणांची समिती समोर बसली की खटला होतो. विचारा: काय बिघडलंय, पुढच्या तीन मॅचमध्ये काय बदलणार? चांगला कोच नेमक्या दोन-तीन गोष्टी सांगतो: "डावा बॅक फार वर जातो, त्याच्या मागून मार खातोय; त्याला थांबवतो आणि सहा नंबरला, म्हणजे बचावापुढच्या मिडफिल्डरला, तिकडे सरकवतो." ज्याच्या यादीत रेफरी, मैदान आणि "हल्लीची पोरं" एवढंच आहे, त्याच्याकडे उपाय नाही.

ठेवायचा ठरला तर पाच मॅचची मुदत लिहून द्या. तीन जिंका असं लिहू नका, ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही. संधींची बेरीज बरोबरीत आणा, कॉर्नर-फ्री किकवर पाच मॅचमध्ये एकापेक्षा जास्त गोल खाऊ नका, हजेरी १५ च्या वर ठेवा, असं लिहा. आणि "समितीचा कोचवर पूर्ण विश्वास आहे" असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. फुटबॉलमध्ये त्याचा अर्थ सगळ्यांना उलटाच कळतो.

काही बाबतींत मात्र मुदत नाही. अल्पवयीन मुलावर हात उगारणं, संघात घ्यायला पैसे मागणं, खोटे जन्मदाखले चालवणं, डोक्याला मार लागलेल्याला पुन्हा मैदानात उतरवणं. टेबलवर पहिले असलात तरी त्याच दिवशी बाहेर.

काढायचाच ठरला तर

नवा कोच आला की संघ सावरतो, हा अनुभव अर्धाच खरा. सलग हरणारा संघ बहुधा नशिबाच्या तळाशी असतो आणि कोच न बदलताही थोडा वर येतोच. २०२२-२३ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, बेंगळुरू एफसीने कोच सायमन ग्रेसनला खराब सुरुवातीनंतरही ठेवलं. संघाने लीगमधल्या शेवटच्या आठही मॅच जिंकल्या आणि फायनल गाठली. पुढच्याच हंगामात, डिसेंबर २०२३ मध्ये, त्यालाच काढलं. उलट मोहन बागानने जानेवारी २०२४ मध्ये सलग तीन पराभवांनंतर हुआन फेरांडोला काढून आंतोनियो हबासला आणलं आणि एप्रिलमध्ये लीग शील्ड, म्हणजे टेबलवर पहिल्या येणाऱ्याची ढाल, जिंकली. हबास आधीपासून क्लबात टेक्निकल डायरेक्टर होता, पोरं त्याच्या ओळखीची होती. बदली माणूस कोण, हे नक्की नसताना जुन्याला काढणं म्हणजे नुसती जागा रिकामी करणं.

करार आधी वाचा. मुदतीआधी काढलं तर किती पगार द्यायचा, नोटीस किती, हे त्यात नसेल तर भांडण ठरलेलं. भारतीय फुटबॉल महासंघाने जून २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाचा कोच इगोर स्टिमाचला काढलं तेव्हा त्याचा करार २०२६ पर्यंत होता. शेवटी ४ लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. आपल्याकडे महिना काही हजारांचा मामला असतो, पण भांडणाची जात तीच. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं मानधन, एवढी ओळ तरी पुढच्या करारात घाला.

वेळ निवडा. मॅचच्या रात्री नाही, आठवड्यात दोन मॅच असताना नाही. पुढच्या मॅचला दहा दिवस तरी असावेत, म्हणजे नव्या माणसाला चार सराव मिळतात. स्पर्धेच्या नियमपत्रकात कोचिंग लायसन्सची अट असेल तर ती तपासा. सीनियर संघाला निदान सी लायसन्सवाला बघा. त्या चार सरावांत त्याने फक्त मागचे चार जण आणि कॉर्नर एवढंच हाताळावं. पहिल्याच आठवड्यात सगळी रचना बदलणारा कोच पोरांना गोंधळात टाकतो. अध्यक्षांचा भाचा कितीही उत्साही असला तरी त्याला ज्युनियर बॅचपासून सुरू करू द्या.

जुन्या कोचला समोर बसवून सांगा, फोनवर नाही, आणि पोरांना कळायच्या आधी. त्याच बैठकीत हजेरी रजिस्टर, दुखापतींची यादी, स्टोअरची किल्ली, कोन आणि बिब्जचा (सरावात जर्सीवर घालायच्या रंगीत बंड्यांचा) हिशेब घ्या, बाकी मानधनाचा चेक द्या. स्पर्धेच्या आयोजकांकडे अधिकाऱ्यांच्या यादीतलं नाव दुसऱ्या दिवशी बदलून घ्या, कारण यादीत नाव नसलेल्या कोचला बेंचवर बसू देत नाहीत आणि हे बहुतेकांना टॉसच्या वेळी कळतं.